रुमालातला गाळ

कतारच्या हमद पोर्टवर सायमन तुस्कानोला सायमन कोणी म्हणत नाही, ‘टेम्परेचर’ म्हणतात. थंड मालाच्या कंटेनरांच्या रांगांमधून दिवसभर हिंडायचं, प्रत्येकावरचा आकडा वाचायचा आणि टॅबमध्ये टाकायचा, हे त्याचं काम. सोळा वर्षं तो हेच करतो आहे. कोंबडी उणे अठरा, सफरचंद अधिक एक, द्राक्षं शून्याच्या आसपास. माणूस सुतासारखा सरळ. सिग्नल पिवळा व्हायच्या आधीच ब्रेकवर पाय ठेवणारा. असल्या माणसाने अबू हमूरमधल्या भाड्याच्या घरात, तेही ऐन रमजानच्या तोंडावर, वीस लिटर वाईन लावून ठेवावी, हे पोर्टवर सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही.

पण त्याने लावली, आणि का लावली हे कळायला आधी पास्कू तुस्कानो कळायला हवा. पास्कू म्हणजे सायमनचा बाप. वसईत नाताळला, लग्नाला घरोघरी वाईन होते, पण ती बहुतेक लाल आणि जिभेला चिकटेल इतकी गोड. भुईगावच्या तुस्कानोंची मात्र पांढरी. फेब्रुवारी सरता सरता नाशिकहून हिरव्या द्राक्षांचा टेम्पो यायचा, त्याच दिवशी रस निघायचा आणि साली सांजेच्या आत गोठ्यात जायच्या. साल रसात राहिली की रंग धरते, तोंडात तुरट होते. पास्कू ती चव ओळखून शेजाऱ्याच्या लग्नातसुद्धा पेला खाली ठेवायचा आणि का ठेवला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा. त्यामुळे त्याला लग्नाची बोलावणी जरा जपूनच येत.

या घराची खरी चीज मात्र वाईन नव्हती, गाळ होता. वाईन निवळली की तळाशी दोन बोटं मऊ, मळकट थर बसतो. लोक तो फेकतात. तुस्कानो तो मलमलच्या रुमालावर पसरून सावलीत सुकवत, त्याचे पापुद्रे झाले की रुमालातच गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवत, आणि पुढल्या वर्षी त्यातलाच चुरा नव्या रसात टाकत. रस त्याच्यावरच उठायचा, म्हणजे फसफसून आंबायला लागायचा. दुकानातलं यीस्ट त्या घरात कधी आलं नाही. पास्कूच्या आजोबापासून हे चाललेलं, एकही वर्ष न चुकता. नियम एकच होता: अर्धा गाळ रसात, अर्धा डब्यात. रस उठल्याची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्या अर्ध्याला हात लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी पास्कू गेला. सायमनचा धाकटा भाऊ एरिक मेलबर्नला, सायमन इथे, मग रिकामं घर बघायचं कोणी? घर बिल्डरला दिलं, तिथे आता सात मजले झाले आहेत. गोठा होता तिथे गाड्या उभ्या राहतात. अंत्यविधीनंतर सायमनने बापाचं घड्याळ घेतलं नाही की चष्मा घेतला नाही. रुमाल घेतला आणि दोन बनियनांच्या मध्ये ठेवून दोह्याला आणला. कस्टमवाल्याने बॅग उघडली, रुमाल दाबून बघितला, माती समजून सोडून दिला.

पहिलं वर्ष गाळ फ्रीजरमध्ये पडून राहिला. सायमनला सुट्टी मिळते जुलैमध्ये, मुलीच्या शाळेला असते तेव्हा. द्राक्षं येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. हे दोन्ही एका महिन्यात आणायची सोय कंपनीकडे नाही आणि देवाकडेही नाही. आणि सुट्टी मिळाली असती तरी जायचं कुठे? बायको मॅग्डलीनचं माहेर भायखळ्याला दोन खोल्यांचं, त्यात तिचे दोन भाऊ. दुसऱ्या वर्षीचा जानेवारी आला तेव्हा सायमनने रुमाल उघडला. गाळाला वास राहिला नव्हता. आणखी एक वर्ष गेलं तर हा मरणार, हे बापाच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं.

इथे घरात दारू करणं म्हणजे आधी तुरुंग आणि मग विमान. परवाना काढून विकत घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सायमनला हे ठाऊक होतं. मॅग्डलीन हॉस्पिटलात नर्स, तिचं लायसन्स याच गावातलं. मुलगी कॅरिना बारावीला. हे सगळं एका रुमालापायी पणाला लावायचं म्हणजे मूर्खपणाच, आणि तो त्याने पूर्ण शुद्धीत केला. बाजारातून नाशिकच्या हिरव्या द्राक्षांच्या पेट्या आणल्या, एका दुकानातून दोन, दुसऱ्यातून तीन, कोणी विचारलंच तर जाम करतो म्हणून सांगायचं. रस काढला, पिण्याच्या पाण्याच्या निळ्या बाटलीत भरला, बुचातून नळी काढून तिचं टोक पेल्यातल्या पाण्यात सोडलं आणि बाटली सामानाच्या खोलीतल्या बंद बाथरूममध्ये ठेवली.

आणि चूक केली ती इथेच. गाळ जुना, अशक्त. अर्ध्याने उठेल की नाही या भीतीने त्याने सगळाच्या सगळा ओतला. रुमाल झटकूनसुद्धा घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेल्यातल्या पाण्यात पहिला बुडबुडा आला. सायमन बाथरूमच्या फरशीवर बसून रडला, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. बापाच्या अंत्यविधीला त्याला रडायला जमलं नव्हतं. बुडबुडे वाढत गेले. त्या बंद दारामागे पास्कू पुन्हा पुटपुटायला लागला आहे असं त्याला वाटलं, आणि त्याच दिवसापासून घरातली बाकीची माणसं कैदेत गेली.

सोय अशी लागली की घर कधीच रिकामं सोडायचं नाही. गॅस साठतो, फेस नळीत अडकतो, बूच उडालं तर सगळ्या मजल्याला कळेल. मॅग्डलीनची ड्यूटी असली की सायमन घरात, सायमनची असली की मॅग्डलीन. शुक्रवारचं मिस्साही त्यांनी वाटून घेतलं, एक सकाळी, एक संध्याकाळी. चर्च गाडीने सात मिनिटांवर, तरी नवराबायको एका बाकावर बसली नाहीत. कॅरिनाच्या मैत्रिणी अभ्यासाला यायच्या त्या बंद झाल्या. तिने कारण विचारलं, मग सामानाच्या खोलीचं दार उघडलं आणि दोन मिनिटांनी बाहेर येऊन बापाला शांतपणे म्हणाली, “डॅडी, धिस इज अ क्राइम.” सायमन म्हणाला, अगं, हे आजोबांचं आहे. ती म्हणाली, “आजोबा आर नॉट ऑन युअर व्हिसा.” पुढे कितीतरी दिवस ती बापाशी कामापुरतंच बोलली.

द्राक्षांचा हंगाम सायमनच्या डोक्यात पक्का होता. चंद्राचा हिशेब मात्र त्याने केलाच नव्हता. रस उठला आणि दुसऱ्या दिवशी रमजान लागला. त्याच आठवड्यात राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस. वरच्या मजल्यावर उपवासकाळ, खालच्या मजल्यावर रोजे, आणि मध्ये ती बाटली गुळगुळ करत बसलेली.

खालच्या मजल्यावर मन्सूर होडेकर. रत्नागिरीचा, रास लफानच्या गॅस प्रकल्पात एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर. पहाटे कंपनीच्या बसने जायचं, दुपारी परत. व्हिला भाड्याने घेतलेला मन्सूरने, कागदावर नाव त्याचंच. वरचा मजला त्याने नऊ वर्षांपूर्वी सायमनला दिला, आपल्याकडचा माणूस म्हणून. नाताळच्या करंज्या खाली जायच्या, ईदच्या शेवया वर यायच्या. कॅरिनाला गाडी शिकवायची ती मन्सूरभाईंनीच, असं तिने परस्पर ठरवून टाकलेलं. हा माणूस वाईटपणे वागला असता तर सायमनचं काम सोपं झालं असतं.

रस लावल्याच्या नवव्या दिवशी दुपारी फेस नळीतून वर चढला आणि बूच ढकलून फरशीवर आला. सायमनने चार बादल्या पाणी ओतून तो जाळीत लोटला. वरच्या जाळीचा पाइप खाली मन्सूरच्या मोरीवरून जातो हे त्याला ठाऊक होतं, पण त्या घाईत आठवलं नाही. मन्सूर असरच्या नमाजाआधी वुजू करायला, हात-तोंड-पाय धुवायला, मोरीत गेला आणि दारूचा वास येताच अर्ध्यावर बाहेर आला.

तो वर आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते. सायमनने दार उघडलं. मन्सूरने आत यायला नकार दिला. उंबऱ्याबाहेर उभा राहून खालच्या आवाजात त्याने विचारलं, काय आहे, किती आहे, कधीपासून आहे. सायमनने सगळं सांगितलं. रुमालाचं, बापाचं, सात मजल्यांचं. ऐकून झाल्यावर मन्सूर म्हणाला, “कागदावर माझं नाव आहे, सायमन. पोलीस आले तर आधी माझं दार वाजवतील. ते सोड. मी आता कोणत्या पाण्याने तोंड धुवायचं ते सांग.”

सायमनने दहा दिवस मागितले. गाळ तळाला बसू दे, तेवढा काढून घेतो, मग सगळं ओतून देतो. मन्सूर म्हणाला, कुठे ओतणार? माझ्या मोरीत? आणि गाडीत घालून नेणार असशील तर रस्त्यात थांबवल्यावर काय सांगणार? ओतायची तर वास खालीवर सगळीकडे, न्यायची तर रस्त्यात पोलीस, ठेवायची तर दोघांच्या गळ्याशी. बाटली आत आली तेव्हा द्राक्षं होती, आता बाहेर जायला वाट नव्हती.

वाट मन्सूरनेच काढली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून तो थांबला आणि वळून म्हणाला, “सिरका होऊ दे. बूच काढ आणि उघडी ठेव. सिरका झाला की हलाल, वास आला तरी कोणाला सांगता येतो. पण त्यात काही घालू नकोस. आम्ही शाफई पंथाचे, काही घालून केलेला आमच्यात चालत नाही. आपसूक झाला पाहिजे.” मग म्हणाला, “आणि सगळा. तळातलं काही काढून ठेवायचं नाही. तोपर्यंत मी मशिदीत वुजू करेन.”

सायमनने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होता?

सिरका, म्हणजे वाईनचं व्हिनेगर होणं, काय असतं हे पास्कूच्या घरात वाढलेल्यालाच कळेल. तिथे तो शब्द हंगामात उच्चारायचा नाही असा दंडक होता. हवा लागली, एखादं चिलट आत गेलं की वाईन आंबते, म्हणून पास्कू वाईन भरायच्या दिवशी पोरांना खिडक्यांवर राखणीला बसवायचा. एकदा सायमनकडून एक बरणी उघडी राहिली होती. बापाने ती अंगणात नेऊन दगडावर फोडली आणि दोन दिवस लेकाशी बोलला नाही. आता त्याच लेकाने वाईन दोन मोठ्या पसरट पातेल्यांत ओतायची, वर विरळ फडकं बांधायचं आणि ती नासते आहे ना यावर नजर ठेवायची.

पातेल्यांत ओतायला त्याने चार दिवस लावले. आधी बुडबुडे थांबू देत, नाहीतर नीट आंबणार नाही, असं मॅग्डलीनला सांगितलं. ते खरंही होतं. पण त्या चार दिवसांत गाळ बसला. ओतताना बाटलीच्या तळाशी तो थर दिसला, मऊ, दाट, भाजलेल्या पावाचा वास येणारा. सायमनने वरची वाईन घोटभर चाखली. पांढरी, कोरडी, जिभेच्या कडेला किंचित आंबट. बापाची जशीच्या तशी. त्याने चार चमचे गाळ रुमालावर घेतला, पसरला आणि कपाटात शर्टांच्या मागे ठेवला. उरलेला पातेल्यात गेला.

मॅग्डलीनला रुमाल दुसऱ्याच दिवशी सापडला. बायकांपासून शर्टांच्या मागे काही लपवणाऱ्या नवऱ्याची कीव करावी तेवढी थोडी. ती ओरडली नाही. कपाटाचं दार धरून उभी राहिली आणि म्हणाली, “तू त्या माणसाला शब्द दिलास. आणि हे जगलं तर पुढच्या वर्षी आपण पुन्हा असेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग कॅरिना.” सायमन म्हणाला, मेलं तर चार पिढ्यांचं माझ्या हातून मेलं. ती म्हणाली, मग मर त्याच्याबरोबर, आणि ड्यूटीला गेली.

आता सिरका व्हायला वेळ लागतो, आणि तो कोणाच्या सोयीने होत नाही. रमजान संपत आला तरी पातेल्यातली चीज ना धड वाईन ना धड सिरका. नाकाला झोंबायची, पण खाली अजून दारूच होती. मन्सूर रोज चार वेळा रस्ता ओलांडून मशिदीत वुजूला जायचा, पहाटेच्या वेळी तर अंधारातच. गुडघे दुखरे, वय बावन्न. सायमन वरच्या खिडकीतून बघायचा. मन्सूरने वर बघितलं की मागे सरायचा. कधी जिन्यात भेट झाली तर मन्सूर एकच विचारायचा, झाला का? सायमन म्हणायचा, होतोय. मन्सूर म्हणायचा, इन्शाल्ला, आणि पुढे जायचा. पोर्टवर सायमनचे आकडे चुकायला लागले. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याला सुपरवायझरने बोलावून घेतलं.

ईद आली आणि गेली. त्या वर्षी खालच्या शेवया वर आल्या नाहीत. मन्सूरची बायको सिताराने कॅरिनाला अंगणातच वाडगा दिला, तोही दाराकडे न बघता. घरात काय आहे हे तिलाही कळलं होतं, आणि मन्सूरने तिला नऊ वर्षांच्या शेजाराची शपथ घालून गप्प बसवलं होतं. सायमनला हे कॅरिनाकडून कळलं. तिनेही बापाला सांगताना मान वर केली नाही.

ईदनंतर तिसऱ्या आठवड्यात सायमनने चमचा बुडवून चाखला आणि त्याचे डोळे मिटले. कडक, स्वच्छ, घशाला धरणारा सिरका. दारूचा लवलेश नाही. नासवण्यातही तुस्कानोंचा हात कच्चा नव्हता म्हणायचा. त्याने तो गाळून बाटल्यांत भरला, पातेली घासली, बाथरूम धुऊन काढलं, शुक्रवारी सकाळी जिन्यात मन्सूरला तसं सांगितलं, आणि दुपारी जुम्म्याचा नमाज झाल्यावर एक बाटली घेऊन खाली गेला.

मन्सूरने बाटली उजेडात धरली, बूच काढून हुंगली, मग हातावर थेंब घेऊन चाटला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडलेला सायमनने बघितला. सिताराने कांदा चिरून त्यावर सिरका टाकला, तळलेला पापलेट आणला, आणि सायमनला बसवून घेतलं. मन्सूर जेवता जेवता बोलायला लागला. रत्नागिरीचं घर, आईचं सिरक्यातलं लोणचं, यंदाचा उकाडा. मग एकदम म्हणाला, “तू सकाळी जिन्यात सांगितलंस ना, सगळा झाला म्हणून? मी घरातच वुजू केला. जुम्म्याला अल्लाला सांगितलं, माझं घर साफ आहे.”

हा माणूस देवासमोर जे बोलून आला होता ते खोटं होतं, आणि खोटं त्याचं नव्हतं. सायमन ताटावरून उठला, हात न धुता वर गेला आणि कपाटातून रुमाल घेऊन खाली आला. मन्सूरच्या समोर तो उलगडला. गाळाचे पापुद्रे झाले होते, वाळलेल्या चिखलासारखे.

“हे राहिलं होतं,” सायमन म्हणाला. “तुम्हाला शब्द दिला आणि काढून ठेवलं.”

सितारा उठून आत गेली. राग यावा तसा मन्सूरला आला, तो त्याच्या मानेवर दिसला, आणि तो त्याने गिळला. त्याने विचारलं, हे पिता येतं? सायमन म्हणाला, नाही. याने नशा येते? नाही. मग काय होतं याचं? सायमनने सांगितलं, द्राक्षाचा रस लागला तरच जागं होतं. नाहीतर दोन वर्षांत मरतं.

मन्सूरने रुमालाची चारही टोकं स्वतःच्या हाताने दुमडली आणि पुरचुंडी सायमनकडे सरकवली. “बापाचं आहे. मी फेक म्हणणार नाही,” तो म्हणाला. “ठेव. पण इथे याला रस लावू नकोस. माझ्या घरात नाही.”

“मग कुठे लावू, मन्सूरभाई?”

सायमनने हे भांडायला विचारलं नव्हतं. त्याला खरंच कोणीतरी सांगायला हवं होतं. मन्सूरने तोंड उघडलं. रत्नागिरीचं आपलं घर कुलूप लावून पडलंय, असं त्याच्या जिभेवर आलेलं सायमनला स्पष्ट दिसलं, आणि कोणत्या कामासाठी ते देऊ करतो आहोत हे त्याच क्षणी लक्षात येऊन ते तिथेच थांबलेलंही दिसलं. मन्सूरने तोंड मिटलं. त्याने पापलेटचा उरलेला तुकडा सायमनच्या ताटात वाढला आणि म्हणाला, जेव, गार होतंय. सायमन पुरचुंडी मांडीवर ठेवून जेवला.